परत येण्यासाठी घेतलेली प्रव्रज्या

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला आग्नेय आशियातील संस्कारजीवनाविषयी बोलण्याची आज्ञा केली. विषय भारदस्त आहे आणि मी पंडित नाही. तीस वर्षे वृत्तपत्रात काढलेला, कलाशाखेचा एक पदवीधर आहे. तेव्हा सबंध आग्नेय आशिया तासाभरात आटोपण्याचे धाडस मी करणार नाही. मी एकाच संस्काराविषयी बोलणार आहे. तो मी डोळ्यांनी पाहिला आणि घरी आल्यावर त्याने मला बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही.

थायलंडच्या ईशान्य भागाला तेथील लोक 'ईसान' म्हणतात. हा आपलाच 'ईशान' शब्द. भातशेतीचा, तळ्यांचा आणि गरिबीचा हा प्रदेश. इथली तरुण मुले बँकॉकच्या परिसरातील कारखान्यांत कामाला जातात आणि सणासुदीला गावी परततात. आपल्या कोकणाची आठवण यावी असे चित्र. एका स्थानिक पत्रकार मित्राच्या नात्यातील बावीस वर्षांचा मुलगा असाच कारखान्यातून पंधरा दिवसांची रजा काढून गावी आला होता. कशासाठी? तर भिक्खू होण्यासाठी. पंधरा दिवसांनी तो पुन्हा यंत्रावर उभा राहणार होता. मला प्रथम हे थोडे विनोदीच वाटले. संन्यास म्हणजे परतीचे दोर कापणे, हीच आपली समजूत. परतीचे तिकीट काढून संन्यास कसला?

पहिल्या दिवशी दुपारी घराच्या अंगणात मुलाला बसवले. आईने कात्रीने त्याच्या केसांची पहिली बट कापली. मग वडिलांनी, मग आजी-आजोबांनी, काका-मामांनी. कापलेले केस खाली पडू द्यायचे नसतात, ते कमळाच्या पानात गोळा करतात. उरलेले डोके एका वृद्ध भिक्खूने वस्तऱ्याने केले आणि पाठोपाठ भुवयाही काढल्या. भुवया गेल्या की ओळखीचा चेहरा अनोळखी होतो. कालपर्यंत भ्रमणध्वनीवर गाणी ऐकणारा मुलगा क्षणात कोणी निराळाच दिसू लागला. डोक्याला हळद लावली, पांढरी वस्त्रे नेसवली. या अवस्थेतील मुलाला तिकडे 'नाक' म्हणतात, म्हणजे आपला नाग.

या नावामागे विनयपिटकातील कथा आहे. एका नागाला आपल्या सर्पयोनीचा वीट आला. मनुष्यरूप घेऊन तो संघात शिरला आणि भिक्खू झाला. एके रात्री झोपेत त्याचे खरे रूप प्रकट झाले आणि ते पाहून सोबतचा भिक्खू ओरडला. तथागतांनी नागाला समजावले की, ही वाट मनुष्यासाठी आहे, तू परत जा. थाई परंपरा यात पुढची भर घालते. जाताना त्या नागाने एवढेच मागितले की, माझे नाव तरी या विधीत राहू द्या. म्हणून आजही उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला विचारले जाते, 'तू मनुष्य आहेस ना?' आणि तोपर्यंत त्याला नाग म्हणतात. मनुष्य होणे हे गृहीत धरलेले नाही, ते सांगावे लागते, हे मला फार विलक्षण वाटले.

त्या संध्याकाळी गावातला एक गायक-कथेकरी बोलावला होता. तो दोन-अडीच तास एकाच विषयावर गात होता, आईने नऊ महिने काय सोसले आणि पुढे काय काय सोसले यावर. भाषा मला कळत नव्हती. पण समोर हात जोडून बसलेल्या त्या मुलाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि मागे बसलेले कारखान्यातले त्याचे मित्रही माना खाली घालून होते. मग मुलगा फुलांचे तबक घेऊन आईवडिलांपुढे वाकला आणि आजवर कळत-नकळत झालेल्या अपराधांची क्षमा मागितली. थाई समजूत अशी की, मुलाच्या प्रव्रज्येचे पुण्य आईला मिळते. मुलाच्या पिवळ्या चीवराचे टोक धरून आई स्वर्गात जाते, असे तिकडे म्हणतात. मुलगा भिक्खू होतो तो स्वतःच्या मोक्षासाठी नव्हे, निदान प्रथमतः नव्हे. मातृऋण फेडण्यासाठी होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाजतगाजत मिरवणूक निघाली. आईच्या हातात चीवरे, वडिलांच्या खांद्याला भिक्षापात्र आणि हातात ताडपत्राचा पंखा. विहारातील उपोसथागाराला तीन प्रदक्षिणा घातल्या. दाराशी मुलाने रंगीत फितीत गुंडाळलेली नाणी उधळली आणि पोरांची झुंबड उडाली. मग तो आत गेला.

आत विचारले जाणारे प्रश्न मी टिपून घेतले आहेत. कुष्ठ, क्षय, अपस्मार यांसारखा रोग नाही ना? मनुष्य आहेस ना? पुरुष आहेस ना? कोणाचा दास नाहीस ना? कर्ज नाही ना? राजसेवेत नाहीस ना? मातापित्यांची अनुज्ञा आहे ना? वीस वर्षे पूर्ण आहेत ना? पात्र-चीवर पुरे आहे ना? एखाद्या नोकरीच्या मुलाखतीसारखी ही यादी वाटेल, पण यातील बहुतेक प्रश्नामागे एक माणूस उभा आहे. 'राजसेवेत नाहीस ना' हा प्रश्न बिंबिसार राजाच्या तक्रारीतून आला. त्याचे सैनिक युद्ध टाळण्यासाठी संघात येऊ लागले होते. 'मातापित्यांची अनुज्ञा' हा प्रश्न त्याहून जिव्हारीचा. सिद्धार्थ गेला, नंद गेला आणि शेवटी लहानगा राहुलही श्रामणेर झाला, तेव्हा वृद्ध शुद्धोदनाने पुत्रवियोग कसा हाडांपर्यंत जातो ते सांगून तथागतांकडे मागणे मागितले की, यापुढे आईबापांच्या संमतीवाचून कोणाचे मूल घेऊ नका. ते मान्य झाले. एका आजोबाचे दुःख नियम होऊन अडीच हजार वर्षे टिकले. आणखी एक गंमत सांगतो. ही वीस वर्षे गर्भधारणेपासून मोजली तरी चालतात. आपल्याकडे मुंजीचे आठवे वर्षही गर्भापासूनच मोजतात. दोन्ही ठिकाणी आईच्या पोटातले दिवस हिशेबात धरले आहेत.

विधी संपला. मुलगा चीवर धारण करून बाहेर आला आणि त्याची आई जमिनीवर गुडघे टेकून त्याच्यापुढे वाकली. कालच्या दिवशी तो तिच्यापुढे वाकला होता. आता ती त्याला स्पर्शही करू शकत नव्हती. तिने द्यायची वस्तू त्याने पुढे पसरलेल्या वस्त्रावर ठेवायची आणि त्याने ती उचलायची. त्या माउलीच्या चेहऱ्यावर अभिमान होता, आणि तिचा हात नकळत पुढे होऊन मध्येच थबकला तेही मी पाहिले.

आता थोडे या प्रथेच्या समाजशास्त्राविषयी. थायलंड, म्यानमार, लाओस आणि कंबोडिया या देशांत पुरुषाने आयुष्यात एकदा तरी काही काळ विहारात राहावे अशी रूढी आहे. श्रीलंकाही थेरवादीच, पण तेथे प्रव्रज्या जन्माची मानतात आणि परत फिरणाऱ्याकडे लोक नापसंतीने पाहतात. थायलंडमध्ये परत येण्यात काडीचाही कमीपणा नाही. उलट ज्याने प्रव्रज्या घेतलीच नाही, त्याला ते 'दिप' म्हणतात, म्हणजे कच्चा. विहारात राहून आलेला तो 'सुक', पिकलेला. जुन्या काळी खेड्यातले लोक कच्च्या माणसाला मुलगी द्यायला कुरकुरत. परतलेल्या माणसाच्या नावामागे ते 'थित' ही उपाधी लावतात. हा 'थित' म्हणजे आपला 'पंडित' आहे, झिजत झिजत इतका उरलेला. आणि चीवर उतरवण्याच्या विधीला ते 'ला सिक्खा' म्हणतात, म्हणजे शिक्षेचा निरोप घेणे. शब्द पाहा. त्यांच्या लेखी तो संन्यास सोडणे नव्हे, शिक्षण पूर्ण करणे आहे.

पूर्वी हा काळ सबंध वर्षावासाचा असे. आषाढ पौर्णिमेच्या, म्हणजे आपल्या गुरुपौर्णिमेच्या, दुसऱ्या दिवसापासून तीन महिने. आपला चातुर्मास जवळपास त्याच काळातला. पाऊस एकच, म्हणून व्रतही शेजारी शेजारी. या काळात दोनशे सत्तावीस नियम पाळायचे, मध्यान्हानंतर अन्न घ्यायचे नाही, पहाटे अनवाणी भिक्षेला जायचे, पाठांतर करायचे, अंगण झाडायचे. शेतकऱ्याच्या पोराला अक्षरओळख आणि औषधपाण्याची माहिती अनेक पिढ्या इथेच झाली.

यातून राजाही सुटलेला नाही. मोंगकुट हा राजपुत्र 1824 साली रूढीप्रमाणे भिक्खू झाला आणि लगेच त्याचे वडील वारले. सिंहासन सावत्र भावाकडे गेले. काही दिवसांसाठी घेतलेली प्रव्रज्या सत्तावीस वर्षे लांबली. या काळात त्याने पायी देश पाहिला, लॅटिन आणि इंग्रजी शिकून घेतली, संघात 'धम्मयुत' ही शिस्तीची नवी परंपरा उभी केली आणि 1851 मध्ये तो गादीवर आला, तेव्हा त्याच्याइतका आपल्या प्रजेत हिंडलेला राजा त्या देशाला पूर्वी मिळाला नव्हता. त्याचा पुत्र चुलालोंगकोर्न 1873 मध्ये पंधरा दिवस भिक्खू झाला आणि मग राज्यकारभार स्वतःच्या हाती घेतला. राजा भूमिबोल यांनी 22 ऑक्टोबर 1956 रोजी चीवर धारण केले, पंधरा दिवस बोवोननिवेत विहारात वास्तव्य केले आणि तेवढे दिवस राज्याची धुरा राणी सिरिकित यांनी वाहिली. आपल्या नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली ती त्याच महिन्यात, 14 तारखेला. दोन घटनांचा परस्पर संबंध काही नाही आणि मी तो जोडूही इच्छीत नाही. पण आठ दिवसांच्या अंतराने एका देशात राजा भिक्षापात्र घेऊन उभा राहतो आणि दुसऱ्या देशात शतकानुशतके नाकारलेला समाज त्याच शास्त्याकडे मान ताठ करून जातो, हे माझ्या पत्रकारी डोळ्याला दिसल्यावाचून राहत नाही.

राजसेवकांची गोष्ट मघाशी सांगितली. बिंबिसाराने आपले नोकर संघात घेऊ नका म्हणून सांगितले. आजचे थाई शासन आपल्या कर्मचाऱ्याला एकदा प्रव्रज्येसाठी एकशे वीस दिवसांपर्यंत पगारी रजा देते!

2018 साली थाम लुआंग गुहेत अडकलेल्या फुटबॉल संघातील बारा मुलांची सुटका आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिली. पुढचे फारसे कोणी दाखवले नाही. सुटकेनंतर त्यांतील अकरा मुलांनी श्रामणेर म्हणून आणि त्यांच्या प्रशिक्षकाने भिक्खू म्हणून नऊ दिवस प्रव्रज्या घेतली. सुटकेच्या कामात प्राण गमावलेले पाणबुडे समान कुनान यांना ते पुण्य अर्पण करण्यासाठी. बारावा मुलगा ख्रिस्ती होता, तो यात आला नाही आणि त्याबद्दल कोणी त्याला बोल लावला नाही. कृतज्ञता कशी व्यक्त करायची, हा प्रश्न त्या समाजाला पडलाच नाही, कारण त्यासाठी रीत तयार होती.

म्यानमारमध्ये हाच संस्कार लहान वयात करतात. त्याला 'शिनब्यू' म्हणतात. मुलाला राजपुत्रासारखे रेशमी कपडे, मुकुट घालून घोड्यावर मिरवतात, डोक्यावर छत्री धरतात. तो सिद्धार्थ असतो. मग विहारात ते सारे उतरवून त्याला श्रामणेर करतात. अनेकदा त्याच सोहळ्यात बहिणींचे कानही टोचतात. आपल्या मुंजीत मातृभोजनाला आईजवळ बसणारा बटू ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

कंबोडियाचे मात्र सांगताना जीभ जड होते. 1975 ते 1979 या चार वर्षांत ख्मेर रूज राजवटीने तेथील भिक्खुसंघ नामशेष केला. भिक्खूंची चीवरे उतरवली, अनेकांना ठार केले, विहारांची कोठारे केली. नंतर आलेल्या राजवटीनेही काही वर्षे पन्नाशीच्या आतील पुरुषांना भिक्खू होण्यास बंदी घातली होती, कारण तरुण हात शेतीला आणि सैन्याला हवे होते. म्हणजे मुलांच्या एका पिढीला 'पिकण्याची' संधीच मिळाली नाही. बंदी उठल्यावर घराघरांतून मुले विहारात जाऊ लागली. इतका मोठा आघात होऊनही ही रीत उगवून आली, कारण ती राजाच्या आज्ञेत नव्हती, आयांच्या मनात होती.

आपण म्हणाल, हा मनुष्य सारे गोडच सांगतो आहे. तसे नाही. तीन महिन्यांचे पंधरा दिवस झाले, पंधराचे सात झाले. कारखाना तीन महिने रजा देत नाही. वडीलधारे वारले की अंत्यसंस्काराच्या दिवशी नातवाने भिक्खू व्हायचे आणि चिता पेटल्यावर संध्याकाळी चीवर उतरवायचे, अशीही रीत आहे. त्याला तिकडे 'अग्नीपुढची प्रव्रज्या' म्हणतात. दिवस जितके कमी, तितका खर्च मोठा. मंडप, बँड, दारू. 2019 च्या फेब्रुवारीत बँकॉकमधील एका शाळेत प्रवेशपरीक्षा चालू असताना शेजारच्या विहारातल्या मिरवणुकीचा आवाज कमी करा म्हटले, म्हणून मिरवणुकीतले मद्यधुंद लोक शाळेत घुसले आणि विद्यार्थ्यांना, शिक्षकांना मारहाण केली. संन्यासाच्या मिरवणुकीत! विहारांचीही अवस्था सर्वत्र चांगली नाही. 2025 च्या जुलैमध्ये एका गाजलेल्या प्रकरणात अनेक वरिष्ठ भिक्खूंना चीवर उतरवावे लागले. आणि ज्या आईसाठी हे सारे, तिच्या जातीला हा संस्कार नाहीच. 1928 च्या संघराजांच्या आदेशाने थायलंडमध्ये स्त्रियांना भिक्खुणी करण्यास मनाई आहे. ज्यांना व्हायचे त्या श्रीलंकेत जाऊन होतात. मुलगा पंधरा दिवसांत मातृऋण फेडतो. मुलीने ते कसे फेडायचे, याचे उत्तर मी त्या गावात विचारले तेव्हा यजमानांची थोरली मुलगी हसून म्हणाली, 'दर महिन्याला पैसे पाठवून.' मला यावर काही सुचले नाही.

आता घरी येतो. महाराष्ट्रात ही गोष्ट अगदीच नवी नाही. भारतीय बौद्ध महासभेची श्रामणेर शिबिरे होतात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात. शाळा-महाविद्यालयातील मुले मुंडन करून, चीवर घालून आठ-दहा दिवस राहतात आणि परत येतात. इगतपुरीला विपश्यनेसाठी दहा दिवस मौन धरणारे तर या सभागृहातही असतील. ते गुरुजी, सत्यनारायण गोएंका, मंडालेत जन्मलेले. म्हणजे तीही वाट ब्रह्मदेशातूनच आपल्याकडे परत आली.

पण मला छळतो तो आमच्या घरातला प्रश्न. मुंजीत सोडमुंजीच्या वेळी एक छोटे नाटक असते, आठवते का? बटू काशीला निघतो. पायात वहाणा, हातात काठी, डोक्यावर छत्री. चार पावले जातो आणि मामा त्याला अडवतो, 'काशीला जाऊ नकोस, तुला मी माझी मुलगी देतो.' सगळे हसतात आणि बटू परत फिरतो. पूर्वी या दोन विधींमध्ये बारा वर्षांचे गुरुगृही वास्तव्य होते. आता मुंज सकाळी आणि सोडमुंज त्याच दिवशी दुपारी, कारण कार्यालय संध्याकाळी दुसऱ्यांना दिलेले असते. माझ्या मुलाची मुंज अशीच झाली. भिक्षावळीत त्याच्या झोळीत चॉकलेटे आणि पाकिटे पडली. ती त्याने रात्री मोजली. दोष त्याचा नाही, आम्हीच त्याला मोजायला शिकवले. आम्ही जाण्याचे नाटक ठेवले आणि जाणे काढून टाकले. ईसानमधल्या त्या कारखान्यातल्या मुलाला मात्र कोणी दारात अडवत नाही. तो खरोखर जातो, पंधरा दिवस का होईना. आणि आणखी एक. आपल्याकडे हा संस्कार काही घरांपुरताच राहिला. तिकडे भात लावणाऱ्यापासून राजापर्यंत विधी एक, वस्त्र एक, पात्र एक.

माझे वडील 1950 च्या दशकात कोकणातून पुण्यात शिकायला आले आणि त्यांनी दोन वर्षे माधुकरी मागून शिक्षण केले. हे मला वयाच्या चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हते. आईने सांगितले. ज्या पेठेत ते झोळी घेऊन जात, त्या रस्त्याने पुढे ते कधी गेले नाहीत. आम्हाला पुणे दाखवले तेव्हाही वळसा घालून नेले. ब्रह्मचाऱ्याने भिक्षा मागावी हे शास्त्र त्यांना पाठ होते. पण उंबरठ्याबाहेर उभे राहून हाक मारायची, आतून भांड्यांचा आवाज ऐकायचा आणि वाट पाहायची, हे शास्त्रात लिहिलेले नसते.

ईसानहून परतल्यावर मी त्यांना त्या मुलाची भिक्षा सांगितली. तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती, ऐकू कमी येत असे, म्हणून जरा मोठ्याने सांगत होतो. पहाटे सहाला गावाच्या रस्त्यावर घराघरापुढे माणसे आधीच बसलेली असतात. हातात वेताच्या टोपलीत वाफाळता चिकट भात. भिक्खूंची रांग येते. भिक्खूने काही मागायचे नाही, बोलायचे नाही, फक्त थांबायचे. त्या रांगेत शेवटी तो मुलगा होता, नवा असल्यामुळे. त्याच्या घरापुढे त्याची आई बसली होती. त्याने पात्राचे झाकण उघडले, तिने चिमूटभर भात घातला, हात जोडून वाकली, तो पुढे गेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही.

वडील बराच वेळ गप्प होते. मला वाटले त्यांना ऐकू आले नाही. मग म्हणाले,

"म्हणजे तिथे हाक मारावी लागत नाही?"

मी म्हटले, "नाही अण्णा. लोक आधीच बसलेले असतात."

"हां," ते म्हणाले, आणि चष्मा पुसत राहिले.